‘४ महिने, ३ आठवडे आणि २ दिवस’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या फिल्म क्लबात क्रिस्तियान मुंजिऊचा हा रोमानियन सिनेमा आजवर तीनदा दाखवला. तिन्ही वेळा लोक चहा गार होईपर्यंत बोलत राहिले आणि प्रश्नही बहुतेक तेच आले. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. पहिले काही प्रश्न सिनेमा बघण्याआधी वाचायला हरकत नाही. कथानक कुठून फुटतं ते मध्ये सांगितलं आहे.

सिनेमा नेमका कशावर आहे?

साल १९८७, देश रोमानिया. वसतिगृहाच्या एका खोलीत राहणाऱ्या दोन विद्यार्थिनी, ओतिलिया आणि गबित्सा. गबित्साला दिवस गेलेत. गर्भपात गुन्हा आहे, पण कुणाच्या तरी ओळखीनं तो चोरून करणाऱ्या बेबे नावाच्या माणसाशी बोलणं झालंय. त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत जे घडतं तेवढाच हा ११३ मिनिटांचा सिनेमा.

पोट गबित्साचं आहे, तरी कॅमेरा तिच्या मागे जात नाही. तो जातो ओतिलियाच्या मागे. पैसे उसने घेणं, हॉटेलात खोली मिळवणं, अनोळखी माणसाच्या गाडीत बसणं, सगळं तिच्याच गळ्यात पडतं. दिग्दर्शकानं हीच कथा गबित्साच्या नजरेनं सांगितली असती तर ती वेदनेची कथा झाली असती. ओतिलियाच्या नजरेनं ती हिशेबाची होते. कोणी किती दिलं, कोणाचं कोणावर किती चढलं, आणि जे पैशात फिटत नाही ते कशात फेडायचं.

नावं कशी उच्चारायची?

गबित्सा, ‘गबिटा’ नव्हे. दिग्दर्शक मुंजिऊ. ओतिलियाचं काम अनामारिया मारिंकानं केलंय, गबित्साचं लाउरा वासिलिऊनं आणि बेबेचं व्लाद इवानोव्हनं. ओतिलियाच्या मित्राचं नाव आदी. आमच्याकडे दर वेळी कोणी तरी ‘ओतिलिया, गबित्सा आदी’ असं म्हणून हशा वसूल करतंच.

शीर्षकाचा अर्थ काय?

गर्भाचं वय. सिनेमाभर हा आकडा कोणी सरळ सांगत नाही. गबित्सानं आधी कमी महिने सांगितलेले असतात. हॉटेलच्या खोलीत बेबे खोदून विचारायला लागतो तेव्हा तिचा आकडा वाढत जातो. खरं काय ते फक्त शीर्षकाला माहीत आहे. आणि ते किती काटेकोर आहे बघा, दिवसांसकट! तारखेची वाट बघत भिंतीवरच्या कालनिर्णयवर बोटानं दिवस मोजलेल्या कुठल्याही बाईला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

कम्युनिस्ट देशात बंदी कशी? तिथं तर चर्चचं चालत नव्हतं.

बंदीचा धर्माशी संबंध नव्हता. सरकारला माणसं हवी होती, कारखान्यांना कामगार आणि लष्कराला जवान. रोमानियात १९५७ पासून गर्भपात कायदेशीर होता आणि तो सहज होत असे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत जन्मदर बराच खाली आला. १९६५ मध्ये सत्तेवर आलेल्या निकोलाय चाउशेस्कूनं ऑक्टोबर १९६६ मध्ये हुकूम क्रमांक ७७० काढला आणि एका फटक्यात दार बंद केलं. ४५ वर्षांवरची बाई, चार मुलांची आई, बलात्कार, जिवाला धोका अशा मोजक्या सवलती ठेवल्या. वयाची आणि मुलांच्या संख्येची अट पुढे अनेकदा बदलली. १९८५ मध्ये चारऐवजी पाच मुलांची आई असावं लागे.

परिणाम लगेच दिसला. १९६६ मध्ये सुमारे २ लाख ७४ हजार बाळं जन्मली होती, १९६७ मध्ये सुमारे ५ लाख २८ हजार. एका वर्षात जवळपास दुप्पट. प्रसूतिगृहं, बालवाड्या, शाळा, काहीही त्या प्रमाणात वाढलेलं नव्हतं. या पिढीला रोमानियनमध्ये ‘देक्रेत्सेई’ म्हणतात, म्हणजे हुकमाची पोरं. स्वतः मुंजिऊ १९६८ चा आहे.

गोळ्या, निरोध वगैरे काही नव्हतं का?

काळ्या बाजारात मिळायचं, ज्याला परवडेल त्याला. उघडपणे मिळणं जवळजवळ बंदच होतं. मूल नसलेल्या पंचविशीपुढच्या स्त्रीपुरुषांवर वेगळा कर होता. ऐंशीच्या दशकात कारखान्यांमध्ये बायकांची सक्तीची स्त्रीरोग तपासणी व्हायची. कोणाला दिवस गेलेत याची नोंद ठेवायची आणि पुढे ती बाळंत होते का यावर नजर ठेवायची, असा खाक्या. लोक त्याला कुत्सितपणे ‘पाळीचे पोलीस’ म्हणत.

मग बंदीनं गर्भपात थांबले का?

नाही. जन्मदरही टिकला नाही. पहिल्या धक्क्यानंतर काही वर्षांतच तो पुन्हा उतरायला लागला, कारण तोवर लोकांनी वाटा शोधल्या होत्या. वाढले ते मृत्यू. १९६६ ते १९८९ या काळात बेकायदा गर्भपातातून ९,००० हून अधिक बायका मेल्याची अधिकृत नोंद आहे. खरा आकडा त्याहून मोठा असावा असं सगळेच मानतात, कारण असं मरण कागदावर दुसऱ्याच कुठल्या तरी आजाराच्या नावानं चढवणं घरच्यांच्या सोयीचं असतं. १९८९ मध्ये रोमानियातला मातामृत्यूदर दर लाख जिवंत जन्मांमागे १७० च्या आसपास होता. युरोपात सर्वांत जास्त.

२५ डिसेंबर १९८९ रोजी चाउशेस्कू पतीपत्नींना गोळ्या घातल्या गेल्या. नव्या सरकारनं अगदी सुरुवातीला रद्द केलेल्या गोष्टींत हा हुकूम होता. दुसऱ्याच दिवशी, २६ तारखेला, तो गेला. १९९० मध्ये मातामृत्यूदर जवळजवळ निम्म्यावर आला. दवाखाने तेच, डॉक्टर तेच, देशाची गरिबीही तीच होती.

एका शोनंतर निवृत्त झालेल्या एक परिचारिका उठल्या. साठच्या दशकाच्या शेवटी त्या एका जिल्हा रुग्णालयात शिकाऊ होत्या. म्हणाल्या, “आमच्याकडे त्यांना ‘सेप्टिक केस’ म्हणायचे. काडी घालून आलेल्या असायच्या. काय केलं म्हणून विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, पाय घसरून पडले.” त्या खाली बसल्यावर बराच वेळ कोणी काही विचारलं नाही.

सिगरेटींचं काय प्रकरण आहे? सगळे केंट केंट करत असतात.

केंट ही परदेशी सिगरेट त्या काळच्या रोमानियात चलनासारखी चालायची. डॉक्टरला, कारकुनाला, दुकानदाराला, कुठंही काम करून घ्यायचं तर केंटचं पाकीट पुढे सरकवायचं. पुष्कळ जण ते न फोडताच पुढच्याला द्यायचे. परदेशी कर्ज फेडायचं म्हणून चाउशेस्कूनं देशातला माल बाहेर विकायचा सपाटा लावला होता. त्यामुळे घरी साखर, तेल, मांस रेशनवर आणि रस्त्यावरचे दिवे बंद. सिनेमातल्या रात्री इतक्या काळ्या का आहेत याचं उत्तर छायाचित्रकार ओलेग मुतूइतकंच त्या वीजकपातीतही आहे.

वसतिगृहाच्या कॉरिडॉरमधला बाजार नीट बघा. साबण, सिगरेटी, सौंदर्यप्रसाधनं, सगळं खोल्याखोल्यांतून विकलं जातंय. मुंजिऊ सुरुवातीची काही मिनिटं निवांतपणे या देवघेवीवर घालवतो. पुढे हॉटेलच्या खोलीत होणारा सौदा हा त्याच बाजारातला आहे.

रिसेप्शनवरच्या बाईचा एवढा राग का येतो?

कारण ती काहीही वाईट करत नाही. फोनवरून नोंदवलेली खोली वहीत नाही, आणि नाही म्हणजे नाही. दुसऱ्या हॉटेलात खोली मिळते, पण चौकशी होतेच. याच शहरात वसतिगृह असताना हॉटेल कशाला? किती दिवस? कोण कोण राहणार? ओळखपत्रं जमा करा. तिथं ओतिलिया जी अजिजी करते, आवाज मऊ करते, परीक्षेच्या अभ्यासाचं कारण पुढे करते, ते आपल्याला भाषेशिवाय कळतं. सरकारी खिडकीसमोर उभं राहून “मॅडम, जरा बघा ना” म्हटलेल्या प्रत्येकाला कळतं. हुकूमशाही दाखवायला या सिनेमात एकही रणगाडा लागत नाही, चाउशेस्कूचं भाषण लागत नाही. एक वही आणि एक बाई पुरते.

*इथून पुढे कथानक फुटतं.*

बेबे डॉक्टर आहे का?

सिनेमा सांगत नाही. हात सरावाचे आहेत, बॅग व्यवस्थित आहे, सूचना नेमक्या आहेत. मला विचाराल तर त्याची खरी हुशारी वैद्यकीय नाहीच. समोरचा किती अडलाय हे ओळखण्याची आहे. तो ओरडत नाही. आपण किती मोठी जोखीम घेतोय, किती वर्षं तुरुंगात जाऊ, हे शांतपणे समजावत राहतो. मुलींनी सांगितलं एक आणि केलं दुसरं याबद्दल दुखावल्यासारखा बोलतो. पैसे कमी पडतायत हे दिसल्यावर तो जे मागतो ते तोंडानं उच्चारतही नाही. मुलींनाच ते ओळखायला लावतो. व्लाद इवानोव्हनं हा माणूस असा उभा केलाय की मध्यंतरात लोक त्याला शिव्या घालतात आणि त्याच दमात “पण काम काय केलंय!” असंही म्हणतात.

हॉटेलला येण्याआधीचं एक छोटं दृश्य अनेकांच्या नजरेतून सुटतं. बेबे वाटेत गाडी थांबवतो आणि घराबाहेर बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईवर खेकसतो. तो हॉटेलच्या खोलीत कसा वागणार ते आपल्याला तिथंच कळायला हवं होतं.

बघवेल का? फार अंगावर येतं का?

येतं. बलात्काराचं कृत्य पडद्यावर नाही. त्यानंतर बाथरूममध्ये स्वतःला धूत राहिलेली ओतिलिया आहे, आणि ते पुरेसं जड आहे. एका दृश्यात बाथरूमच्या फरशीवर टॉवेलवरचा गर्भ दिसतो. ज्यांना अशा प्रसंगातून स्वतः जावं लागलंय त्यांना आम्ही हे आधीच सांगतो. मुलांना घेऊन येऊ नका, आणि घरी सगळ्यांनी मिळून जेवताना लावायचा तर अजिबात नव्हे.

ते जेवणाचं दृश्य एवढं लांब कशाला?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि मला सर्वांत आवडणाराही. गबित्साला हॉटेलात एकटी पडलेली सोडून ओतिलियाला आदीच्या आईच्या वाढदिवसाला जावं लागतं, कारण तसं कबूल केलेलं असतं. कॅमेरा टेबलासमोर एका जागी ठेवलाय. तो कित्येक मिनिटं हलत नाही, मध्ये एकही कट नाही. ओतिलिया मधोमध कोंबलेली. दोन्ही बाजूंनी सुखवस्तू, शिकलेली माणसं जेवतायत आणि बोलतायत. स्वयंपाक कसा करावा, हल्लीच्या पोरांना कष्टाची सवय कशी नाही, साध्या घरातून आलेल्यांचं काय असतं. मोठ्यांसमोर सिगरेट पेटवते म्हणून तिला सुनावलं जातं. तिच्यासमोरून हात जातात, ताटं जातात, हसणं जातं. ती गप्प आहे. आपल्याला माहीत आहे की शहराच्या दुसऱ्या टोकाला त्या क्षणी काहीही होत असेल.

मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही वाटलं की आता बस. दुसऱ्यांदा लक्षात आलं की ओतिलियालाही अगदी तेच वाटतंय आणि तिलाही उठता येत नाहीये.

नंतर खोलीत ती आदीला विचारते, मलाच दिवस गेले तर तू काय करशील? आदी वाईट मुलगा नाही. पण हा प्रश्न त्यानं कधी स्वतःला विचारलेलाच नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं.

गबित्सा इतकी मठ्ठ का दाखवलीय?

तिचा राग सगळ्यांना येतो. हॉटेलचं काम नीट करत नाही, बेबेला स्वतः भेटायला जात नाही, ओतिलियाला आपली बहीण म्हणून सांगून ठेवते, महिने लपवते, अंथरायचं प्लास्टिक खोलीवर विसरून येते. आमच्याकडे एक जण तावातावानं म्हणाले, “अशा मुलीसाठी कोण एवढं करेल?”

माझं उत्तर असं, की मदत मिळण्यासाठी हुशार आणि नीटनेटकं असावं लागतं ही अट बेकायदेशीरपणानं घातलेली आहे. दवाखान्यात मठ्ठ पेशंट रोज येतात. तारीख विसरतात, खोटं सांगतात, घाबरून गप्प बसतात, आणि तरी बऱ्या होऊन घरी जातात. भित्र्या, गोंधळलेल्या वीसेक वर्षांच्या मुलीची एक थाप जिवावर बेतते, ती सगळं चोरून करावं लागतं म्हणून. मुंजिऊनं गबित्साला गोड, निष्पाप, दया येईल अशी केली असती तर आपलं काम फार सोपं झालं असतं.

सिनेमा गर्भपाताच्या बाजूचा आहे की विरोधातला?

दोन्हीकडच्या लोकांनी तो आपला म्हणून सांगितलाय. फरशीवरचा गर्भ दाखवल्यामुळे काहींना तो विरोधातला वाटतो. मला तसं वाटत नाही. ओतिलियाला पुढे त्याची विल्हेवाट लावायची आहे. कुत्री उकरतील म्हणून पुरू नको, उंच इमारतीच्या कचऱ्याच्या नळीतून टाक, असं बेबेनं बजावलेलं. ती अंधारात शहरभर फिरत राहते. ते ओझं काय आहे हे न दाखवता तिला पिशवी घेऊन पळवली असती तर तो नुसता थरारपट झाला असता. पार्श्वसंगीतही नाही, म्हणजे काय वाटून घ्यायचं ते कोणी आपल्या कानात सांगत नाही.

ही खरी घटना आहे का?

मुंजिऊनं सांगितलंय की ओळखीतल्या कोणाकडून बऱ्याच वर्षांपूर्वी ऐकलेल्या अनुभवावरून त्यानं हे लिहिलं.

पुरस्कार वगैरे?

२००७ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, पाम दोर, रोमानियन दिग्दर्शकाच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला पहिल्यांदाच. ऑस्करच्या परभाषिक विभागात मात्र तो प्राथमिक यादीतही आला नाही. त्यावरून इतका गदारोळ झाला की अकादमीला निवडीची पद्धत बदलावी लागली. मला यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त आवडते. रोमानियात तेव्हा थिएटरं मोजकीच उरली होती, म्हणून मुंजिऊच्या चमूनं प्रोजेक्टर गाडीत घालून गावोगावी खेळ केले. आपल्या टूरिंग टॉकीजसारखे.

तेव्हा आपल्याकडे काय होतं?

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ नुसार गर्भपात करणारा आणि करून घेणारी बाई, दोघंही गुन्हेगार होते. फक्त बाईचा जीव वाचवण्यासाठी सूट होती. त्याच सुमारास, १८६३ मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते कशासाठी, हे शाळेत आपण एका ओळीत पाठ करतो. फसवल्या गेलेल्या विधवांना पोट पाडणं, पोर मारणं किंवा विहीर जवळ करणं यापलीकडे चौथा रस्ता नव्हता म्हणून.

योगायोग असा, की ज्या १९६६ मध्ये चाउशेस्कूनं दार लावलं त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारतात एका समितीनं ते उघडायची शिफारस केली. अध्यक्ष होते महाराष्ट्राचे मंत्री शांतीलाल शहा. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. यामागे बायकांच्या मृत्यूंची काळजी होती, तशी लोकसंख्येचीही होती. दोन्ही सरकारं माणसांची डोकी मोजत होती, एकाला जास्त हवी होती, दुसऱ्याला कमी.

पण आपल्याकडे गर्भपात बेकायदाच आहे ना? दवाखान्यात बोर्ड असतो.

हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही सर्रास आहे. तो बोर्ड गर्भलिंगनिदानाबद्दल असतो. महाराष्ट्रानं त्याविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. गर्भपाताचा कायदा वेगळा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ आठवड्यांत ठरावीक प्रकारच्या स्त्रियांसाठी दोघांचं. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत अविवाहित स्त्रियाही येतात हे स्पष्ट केलं.

तरीही ‘मिस्टरांना घेऊन या’ ऐकावं लागतंच. आमच्या एका सभासद बाईंना पिशवी साफ करायची होती, तीही आपोआप गर्भ गेल्यानंतर. काउंटरवर फॉर्म सरकवत सगळ्यांसमोर विचारलं गेलं, “लग्न झालंय ना?” त्यांना रिसेप्शनचं ते दृश्य कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

या विषयावरचे आणखी सिनेमे?

माइक लीचा ‘व्हेरा ड्रेक’ (२००४), १९५० च्या लंडनमधल्या, ‘मदत’ करणाऱ्या एका प्रेमळ बाईचा. क्लोद शाब्रोलचा १९८८ चा ‘स्टोरी ऑफ विमेन’, ज्याच्या मागे १९४३ मध्ये गिलोटिनवर मारल्या गेलेल्या मारी-लुईझ जिरोची खरी कहाणी आहे. ऑद्रे दिवानचा ‘हॅपनिंग’ (२०२१), साठच्या दशकातल्या फ्रान्समधल्या विद्यार्थिनीचा. सलग बघू नका, हा अनुभवाचा सल्ला.

शेवट असा अर्धवट का?

रात्री हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये दोघी बसल्यात, पलीकडे लग्नाची मेजवानी सुरू आहे, आणि वेटर त्याच मेजवानीतले मांसाचे पदार्थ आणतो. ओतिलिया म्हणते, यावर आपण पुन्हा कधीच बोलायचं नाही. मग काही नाही. मला तो अर्धवट वाटत नाही. त्या काळातल्या हजारो बायकांची गोष्ट नेमकी त्याच वाक्यावर थांबलेली होती.

आणि त्या चाकूचं काय झालं?

बेबे बाथरूममध्ये असताना ओतिलिया त्याची बॅग उघडते, आत चाकू सापडतो, ती तो आपल्या पर्समध्ये टाकते. मग आपण तासभर वाट बघतो, आणि चाकू बाहेर निघतच नाही. बेबेचं ओळखपत्र रिसेप्शनवर राहतं, त्याचंही मोठं काही होत नाही. तिन्ही शोंना कोणी ना कोणी याला पटकथेतली चूक म्हटलं.

गेल्या वेळी मी उत्तर द्यायच्या आत मागच्या रांगेतली एक मुलगी बोलली. ती नोकरीसाठी रात्रीच्या एसटीनं ये-जा करते. कॉलेजपासून तिच्या पर्समध्ये एक सुरी असते. आजवर ती फक्त सफरचंद कापायला काढलीय, म्हणाली.